दोन मेडल

एप्रिलची वीस. नळालाच चहाचं पाणी येतंय.
कूलर नुसता घोंघावतो, वारा फेकतो तोही भट्टीतला.
रूपचंद हेडाऊ आला तोवर मी
पदर खोचून, पेचकस घेऊन
पंपाची वायर दोनदा काढून दोनदा लावली होती.
"मॅडम, तुम्ही हात लावला वाटते."
वाटते म्हणजे खात्री आहे.
आमच्याकडे खात्रीसुद्धा जरा लूज ठेवतात.

तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पाचपावलीच्या शाळेत.
एकदा अख्खा तास याच शब्दांवर घालवला होता.
टिंकर: बिघडलंय की नाही हे नक्की नसताना केलेली खुडबुड.
मुळात तो भांड्यांना डाग देत हिंडणारा माणूस.
(शेवटच्या बाकावरून: "आमच्या गल्लीत येते तो.")
ट्विक: कानाची पाळी धरून मुरडावी, पण रागावून नव्हे.
फिडल: बोटांना काम नाही म्हणून.
सारंगीची परदेशी बहीणही तीच, हिशेबातला घोळही तोच.
टॅम्पर: लाख लावून बंद केलेलं उघडणं. विजेच्या मीटरवाल्याला विचारा.
आणि मेडल,
दुसऱ्याच्या चुलीत आपलं फुंकर घालणं.

"मेडल तर चांगलं असते ना मॅडम? धावण्यात भेटते."
वर्ग हसला.
मी फळ्यावर दोन्ही लिहून दाखवले,
मराठीत लिहिल्यावर दोन्ही एकच दिसले,
तास संपला.
विचारणारा हाच होता.

आता तो पेचकसाची मूठ कानाला लावतो,
टोक मोटरवर टेकवतो, डोळे मिटतो.
टाइट. लूज. सेटिंग. फिटिंग.
चार शब्दांत त्याचं दुकान चालतं, उन्हाळाभर.
त्याचा बाप मागावर तुटलेलं सूत
थुंकी लावून दोन बोटांत वळायचा.
त्याला कुठलाच शब्द नव्हता. सूत जुळायचं.

त्या मागावरच याला बसवणार होते,
कारण दहावीच्या फॉर्मला वय साडेतीन महिने कमी पडत होतं.
दाखल-खारीज रजिस्टर माझ्या कपाटात असायचं.
दाढीच्या अर्ध्या पात्यानं मी सप्टेंबर खरवडला,
कागद फाटू नये म्हणून श्वास धरून,
आणि वर एक जून बसवला.
निम्मा वर्ग हेडमास्तरांनी एक जूनलाच जन्माला घातला होता,
त्यांच्यात हा खपून गेला.
दहावीत नापास झाला. इंग्रजीत. अकरा मार्क.

"चोक-अप होतं मॅडम, बाकी काही नाही."
पंपाच्या जाळीतून गवताचा लगदा काढतो,
पाणी पॅडवर उतरतं, खसाचा वास येतो,
आणि तो सहज बोलून जातो,
"एक तारखेला पोरगी केक आणते माह्यासाठी. दरवर्षी.
माय म्हणे, तू तर महालक्ष्म्यांतला आहेस,
जेवणावळ चालू होती, तेव्हा झाला.
पण कागदाशी कोण भांडते?"
माझ्याकडे बघत नाही. स्क्रू मोजत असतो.

मी पाच शब्द फळ्यावर लिहिले होते.
त्या अर्ध्या पात्याला त्यातला कुठला लागू,
हे एकतीस वर्षं तपासायचं राहिलेलं पेपर आहे.

"किती झाले?"
"द्या काही बी. अ‍ॅडजस्ट करून घेऊ."
हा शब्द मी शिकवलाच नव्हता.
तो इथे सगळ्यांना येतो.

जाताना फाटकातून ओरडला,
"आता हात नोका लावजा, मॅडम!"
नाही लावणार म्हटलं.

रात्री दीडला उठले.
कूलर बरोबर चालला होता. अगदी बरोबर.
मी बटण थोडंसं डावीकडे फिरवलं,
मग परत होतं तिथे आणलं,
की जवळपास तिथे.