अडीच काड्या

फालेमेच्या पाण्यातून आता आरपार दिसत नाही.
आई सांगते, ती सून म्हणून आली तेव्हा
गुडघाभर पाण्यात उभं राहून
आपल्याच पायांची नखं मोजता यायची.
आता नदी शेंगदाण्याच्या कालवणासारखी,
दाट, पिवळट, तळ लागू न देणारी.

पलीकडे माली, अलीकडे सेनेगल.
मामा तिकडे, भाचे इकडे,
आणि होडीवाला दोघांनाही एकच भाव सांगतो.
सरहद्द कधी वल्ह्याला लागली नाही, म्हणतो.

मी दोर ओढते.
बारा परस खोल विवर, वर आम्ही तिघी,
खालचा माणूस दिसत नाही.
एक हिसका : थांब.
दोन : ओढ.
तीन आले तर विचारायचं काही नाही,
फक्त ओढायचं.
दिवस गेले की तळहातांना माणसं कळू लागतात :
हा नवा आहे, हा रात्री जेवला नाही,
याला घाई आहे कसलीतरी.

नोबिला दोन देश ओलांडून आला होता,
बाजरी अर्धी पेरून.
त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला.
मोडकंतोडकं बांबारा, आणि दोर,
एवढ्यावर भागायचं.
त्याची बादली कधी काठोकाठ आली नाही.
मुकादम शिव्या घालायचा.
त्याला आमच्या खांद्यांची लाज होती, बस्स.

सोमवारी खाली कुणी उतरत नाही.
तो दिवस जमिनीखालच्यांचा.
तेव्हा तो आमच्या फोनिओच्या शेताकडे यायचा,
म्हणजे शेत होतं तिथे,
पाच भोकांच्या कडेला.
माती चिमटीत चुरायचा, हुंगायचा,
म्हणायचा, बाजरीला बरी होती.

माझा भाऊ केबा नावेतून कॅनरी बेटांवर गेला.
टोमॅटो खुडतो, दुसऱ्याच्या शेतात.
हे सांगितलं तेव्हा
नोबिलानं टोमॅटोचा भाव विचारला.

मग एका गुरुवारी शिपाई आले.
काठालगतचं सगळं बंद.
पळापळ झाली, पंप उलटले,
कुणाची तरी शेळी तंबूत अडकून ओरडत राहिली,
आणि दोराला तीन हिसके.
आम्ही दोघीच उरलो होतो, आणि एक म्हातारा.
वर आला तो भुरा, पापण्यांपर्यंत भुरा,
एका हातात दोर,
दुसऱ्यात बादली. अर्धी भरलेली.
ती सोडायचं त्याला सुचलंच नव्हतं.

त्याच रात्री तो नदीपार गेला.
त्याच्या वाट्याचं पोतं माझ्या झोपडीमागे राहिलं.

मी ते फोडलं, दळून आणलं, भोपळ्याच्या कवटीत धुतलं.
पारा चुलीवर जाळला नाही, आई खोकते.
गिरणीच्या मागे जाळला, वारा पाहून.
मामुतूनं एका पारड्यात सोनं ठेवलं,
दुसऱ्यात आगपेटीच्या काड्या.
एक. दोन.
तिसरी टाकली तर पारडं कलंडलं,
त्यानं ती दातांनी तोडली.
अडीच काड्या.
एका माणसाचे सोळा दिवस.

पोत्यावर कोळशानं फोन नंबर लिहिलेला,
घरचा असावा.
शेवटचे दोन आकडे पोतं ओढताना पुसलेले.

रात्री आई निजली की मी लावते.
शून्य शून्यपासून सुरुवात केली.
बरेचसे नंबर अस्तित्वातच नाहीत.
एका माणसाला वाटलं मी फसवतेय.
एका पोरीनं नुसतं गाणं लावून फोन खाली ठेवला.
पैसे मी मोडलेले नाहीत,
एकदाच, आईच्या गोळ्यांसाठी, आणि परत भरले.

काल सदतिसावर एक म्हातारी सापडली.
बांबारा येत होतं तिला, माझ्याइतकंच.
म्हणाली, नोबिला माझा नाही.
माझा तिबो.
तोही खालीच असतो कुठेतरी.
बाई, तुझ्या दोराला आहे का तो?

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
विचारलं,
बादली कशी भरतो?