पर्समध्ये उरले अकरा लाख

सातपूरला, पपया नर्सरीच्या थोडं पुढे,
पहिली पाळी सुटली की
अनिसच्या टपरीवर लिलाव चालू होतो.

म्हणजे लिलाव मुंबईत, कुठल्याशा हॉटेलात, गार हवेत.
इथे मोबाइल खारीच्या बरणीला टेकवलेला,
आणि आम्ही नऊ जण,
हाताला कूलंटचा वास, पायात सेफ्टी बूट.

"आपल्याकडे किती आहेत?"
"आपल्याकडे एक कोटी सत्तर."
असं निर्गुडे म्हणतो,
ज्याचे अनिसच्या वहीत एकशे चाळीस थकलेत.
पण 'आपल्याकडे' म्हणताना
त्याची जीभ जरासुद्धा अडखळत नाही.

खैरनार जॉबकार्डाच्या पाठीवर आकडे मांडतो.
हरियाणाच्या त्या सव्वासहा फुटी रेडरवर
आपण शहाण्णव लाख उडवले तेव्हा
पेन्सिलीचं टोकच मोडलं त्याचं.
"एका माणसाने सात जणांची मॅच जिंकत नसतात, भो!"
"मग मागच्या साली सात जणांनी काय दिवे लावले?"
"कॅप आहे ना राजा, कॅप! लिमिटच्या वर दमडी नाही."
"लिमिट आपल्याला नको सांगू.
कॉन्ट्रॅक्टरने वीसमधले बारा रिटेन केले, बघतोय ना."
हसलो सगळे. मग कोणी हसलं नाही.

दोन कव्हर गेले एकोणचाळीसला,
एक राखीव रेडर चौदाला,
एक ऑलराउंडर दहाला, ज्याचं नाव कुणीच ऐकलं नव्हतं.
पर्समध्ये उरले अकरा लाख.
जागा एक.
डावा कोपरा रिकामा.

आणि स्क्रीनवर नाव आलं:
प्रज्योत गायकर, रेडर, वय एकवीस, बेस प्राइस नऊ लाख.

टपरीवर गायकर एकच. देवराम.
गिरणाऱ्याच्या मैदानावर ह्या पुतण्याला
त्यानेच मातीवर लाइन आखून दिली होती,
चुना संपला तेव्हा राखेने.

"घ्या रे, घ्या!" बागूल मोबाइलवर ओरडला,
जणू आतले सूटवाले ऐकतायत.
"आपलं पोरगं आहे! घरचं आहे!"

देवराम चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून होता.
म्हणाला, "नको."

"काय नको?"

"रेडर पाच झालेत आपल्याकडे.
पोरगं बोनस काढतं झकास, मी नाही कुठं म्हणतो?
पण डावा कोपरा कोण धरणार? माझी आई?
पुढे तो पाटील यायचाय अजून. तेहतीसचा आहे,
गुडघा शिवलेला आहे,
पण घोटा हातात आला तर सोडत नाही.
अकरा लाख त्याच्यासाठी ठेवा."

कोणी काही बोललं नाही.
बरोबर होतं. खैरनारच्या कागदावरही तेच होतं.

आपल्या टेबलावरची पाटी वर झाली नाही.
दुसऱ्या कुठल्याच टेबलावरची झाली नाही.
हातोडा एकदा. अनसोल्ड.
दोन सेकंद पोराचा फोटो राहिला,
नवीन कटिंग केलेलं, कॉलर जरा मोठी,
मग जाहिरात लागली पाण्याच्या टाकीची.

चार नावांनंतर पाटील आला.
दहा लाख ऐंशी हजार. आपला.
टपरी उसळली. देवरामच्या पाठीवर थापा पडल्या.
"काय डोकं चालवलं काका!
तुम्हाला कोच करायला पाहिजे!"
"बोललो होतो ना," देवराम म्हणाला.
"बोललो होतो."

त्याच्या खिशात फोन वाजत होता.
वाजून थांबला. परत वाजला.
गिरणाऱ्याचा असावा, कारण त्याने काढून बघितलाच नाही.

अनिसला म्हणाला, नऊ चहा माझ्या नावावर टाक.
टाकले.
मग गाडीला किक मारता मारता,
कुणाकडेच न बघता:

"पुढच्या साली कॅप वाढणार आहे म्हणे."

अख्खी नियमावली पाठ असलेला खैरनार
पेन्सिलीला टोक काढत राहिला.
"हो," म्हणाला, "ऐकलंय मीपण."