उद्याच्या दहा हजार मीटरचं भाकीत

उद्या रात्री नऊ चाळीसला. पंचवीस फेऱ्या.
माझ्या कागदावर पहिली हॉल्वरसन:
शेवटच्या चारशेत ती मागे वळून बघत नाही.
दुसरी चेरोटिच. केनियाहून आली,
आता नेब्रास्काचा वारा खांद्यानं कापते.
तिसरं नाव तीनदा खोडलं.

यादीत सगळ्यांत खाली, चोविसावी, डेलेनी त्सोसी.
मार्चपर्यंत पोटरीला पट्टी.
तिच्या वाट्याला माझी एक ओळ, तीही नुसत्या आकड्यांची.

आणि आत्ता मोटेलच्या खिडकीखाली
पार्किंगच्या पिवळ्या रेषेवरून ती चालतेय अनवाणी,
खिळ्यांचे बूट हातात;
मधेच डावीकडे किंचित झुकते.
वळण नाहीये तिथं.

भाकीत तासापूर्वीच पाठवलं.
दिवा मालवून
मी फेऱ्या मोजत बसलोय.