विल्फ मराठी बोलतो

सीहाउसेसच्या धक्क्यावर, विल्फ रटरच्या खोपटात
आता तिकिटांची पुस्तकं नाहीत. एक पडदा आहे,
ऊन पडलं की भाव वाढवणारा,
आभाळ भरलं की आपणहून नरमणारा.
विल्फ म्हणतो, माझा बाप उलटं करायचा.
भिजायची हौस आहे ना, म्हणायचा, मग मोजा.

मार्चमध्ये मी आले त्याचा आवाज घ्यायला.
एनिडच्या कपाटात, जाड कोटांच्या मधे बसवून
सहाशे वाक्यं वाचून घेतली.
खोकला आला की पुन्हा पहिल्यापासून.
चाळीस वर्षं इंजिनावर ओरडलेला माणूस,
हळू बोलायचं म्हणजे त्याला चोरी वाटे.
चारशे अकराव्या वाक्याला थांबला:
पोरी, हे लिहितं कोण?
'मनोहारी' मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.
एनिडलासुद्धा.

मे. पहिली फेरी. बोटीवर नऊ जण
आणि प्रत्येकाच्या कानात विल्फ:
डच विल्फ, कोरियन विल्फ,
माझ्या कानात, चाचणीपुरता, मराठी विल्फ.
तोच घसा, तीच खरखर,
भाषा मात्र शाळेतल्या बक्षीस समारंभाची:
"कृपया आपल्या डाव्या बाजूस अवलोकन करावे."
मी फिस्सकन हसले.
सुकाणूवरून त्यानं विचारलं,
काय बोललो मी?

सांगणार, तेवढ्यात धुकं आलं.
इथं त्याला फ्रेट म्हणतात.
बेट गेलं. मग बोटीचं टोक.
कानातला विल्फ खुशाल सांगत होता,
समोरच्या कड्यावर हजारो पफिन दिसत आहेत.
खऱ्या विल्फनं इंजिन बंद केलं.
कुणीतरी पैसे परत मिळतील का विचारलं.
तो म्हणाला, कानातलं काढा.
नाकानं बघा.

आणि आला भपकारा,
सडक्या मासळीचा, ओल्या पिसांचा,
खडकावर वर्षानुवर्षं साचलेल्या शिटेचा.
डच बाईनं रुमाल लावला, मग काढला.
डोक्यावरून काहीतरी घाईघाईनं फडफडत गेलं,
एक, मग खूप.
दिसलं काहीच नाही.

परतताना मी त्याला शिकवलं: वास घ्या.
व्हास ग्या, तो म्हणाला, आणि खोकला.
सहाशे एकावं वाक्य.
यंत्रणेनं 'अस्पष्ट' असा शेरा मारून परत पाठवलंय.
मी पुन्हा पाठवलं,
खोकल्यासकट.