कप्पा ०२१७

कीवच्या बाहेर, ओकांच्या रानातल्या दुमजली इमारतीत
हजारो नळ्या तापायच्या, म्हणून ऐन हिवाळ्यात
आम्ही खिडक्या सताड उघड्या ठेवून काम करायचो.
रात्रपाळी मेलानिया ओस्तापिव्नाची. तिच्या हाताखाली मी,
यारेमा, वय एकवीस, पत्त्यांना घाबरणारा.

"घाबरतोस काय," ती म्हणायची,
"यंत्राला एवढंच विचारायचं असतं: जिन्नस कुठाय?
कधी तो आज्ञेतच असतो, रोख, तळहातावर ठेवलेला.
पाच मिळव म्हणजे पाच मिळव, कुठे जायला नको.
कधी आज्ञा घराचा नंबर देते, जाऊन आण.
आणि कधी..."
इथे पेन्सिल कानामागे जायची,
"कधी त्या घरात जिन्नस नसतोच.
नुसती चिठ्ठी असते, अमक्या घरी जा."

मला चिठ्ठी कळायची नाही.
पोस्टमन कळायचा: पहिल्या दाराचा नंबर पक्का,
शेजारी बोटांवरची मोजणी, शून्य, एक, दोन,
दोन्हींची बेरीज म्हणजे पुढचं दार.
रांग शंभराची असो, आज्ञा तीच, बोट तेवढं सरकतं.
"कारंज्यापासून तिसरं फाटक" हेही कळायचं:
अख्खी गल्ली उचलून दुसरीकडे मांडली
तरी कारंजं सोबत आलं की फाटक सापडतंच.
पण चिठ्ठी?

फेब्रुवारीतल्या एका पहाटे माझा प्रोग्रॅम थांबेना.
फळीवरचे दिवे तीच नक्षी काढत होते,
पुन्हा तीच,
पुन्हा तीच.
चिठ्ठी मिळेल तोवर चालत राहा, असा माझाच हुकूम.
कप्पा ०२१७ पाहिला.
त्यात लिहिलेलं: ०२१७.

वाटलं, आता बोलणी बसणार.
ती स्टुलावर टेकली.
"चव्वेचाळीसच्या मार्चात मी उफाहून परतले.
घर नव्हतं. चार पायऱ्या होत्या आणि एक चौकट,
चौकटीवर खडूने आईचं अक्षर:
पोदिल, यारोस्लाव्स्का गल्ली, सत्तावीस, मागचं अंगण.
पोदिलला गेले. कुणी ओळख देईना.
शेगडीमागे कागद:
देमिइव्का, साखर कारखान्यामागे, ओलेक्साला विचार.
गेले. बर्फ वितळून गुडघाभर चिखल.
ओलेक्सा घरात नव्हता. दारावर तिसरी चिठ्ठी, आठवड्याचीच:
मेलानियाला शोधायला निघाले आहे.
उफा, टेकडीवरचा रस्ता, एक्केचाळीस."

नळ्यांची घरघर.
"तो माझाच पत्ता होता, यारेमा."

"मग?"

"मग काय. यंत्राला थांबवायला कळ असते.
मी तशीच स्टेशनकडे वळले होते.
अर्ध्या वाटेत लक्षात आलं,
मी तिथे पोचेन, ती तिथून इकडे निघालेली असेल.
दोघी एकमेकींकडे बोट दाखवत जन्मभर फिरू.
परत गेले, ओलेक्साच्या पायरीवर बसले.
कुणीतरी एकीने जिन्नस व्हायला हवं होतं."

"आली?"

तिने माझ्या कागदावरचं ०२१७ खोडलं,
तिथे एक साधा आकडा लिहिला,
नवी टेप पाडायला लावली.
दिवे एकदा उसळले, विझले.
उत्तर छापून आलं. चार आकडे, बरोबर.

सकाळी बसच्या थांब्यावर तिने पिशवीतून काळा पाव काढला,
मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.
"हा रोख."
पिशवीत आणखी एक तुकडा होता,
रुमालात वेगळा बांधलेला,
कडा काढून, दुधात भिजेल असा बारीक केलेला,
दात नसलेल्या कुणासाठी.

बस आली. आमच्या आधी
एक म्हातारा चढला, त्याला सुटे शोधायला वेळ लागला.