पडदा आणि ओढ

फल. फळ नव्हे. ळ नाही, ल.
फळ्यावर दोन लांबट गोल काढते,
मधून बाण. त्यांना ये-जा नाही, नुसती जा.
"डावीकडच्या गोलाला म्हणायचं प्रांत."
मागून सूरज कोळेकर: "दाखले मिळतात ते, मॅडम?"

हसू दे. गेल्या आठवड्यात मीच होते तिथल्या रांगेत.
एकाच टोकनावर दोघं हक्क सांगत होते,
एक बेडगचा, एक आरगचा, दोघंही तावातावानं.
"हे फलात चालतं बरं का, दोन बाण एकाच घरी.
चालत नाही ते उलटं:
एका माणसाच्या खिशात दोन टोकनं."

संबंध मात्र कसाही असतो.
मिरज जंक्शनसारखा: उभे राहा, आणि बघा
पुणे, बेळगाव, कोल्हापूर, कुर्डुवाडी,
एका फलाटाकडून किती रूळ फुटतात.
फल म्हणजे हातातलं तिकीट.
एक तुम्ही, एक बर्थ.
वर्गातला पंखा एकवर ठेवा, पाचवर ठेवा,
तो आपला त्याच गतीनं कुरकुरतो,
तोही फल, अचल फल म्हणतात त्याला.
लिहून घ्या. पंख्याचं नाही, व्याख्या.

मग मी सतारीवर गेले.
मिरजेत शिकवायचं तर सतार काढावीच लागते.
दांडीवर पडदे, प्रत्येक पडद्याला आपला सूर,
सातव्यावर बोट ठेवलं की सातव्याचाच,
कालही तोच, उद्याही तोच.
किती स्वच्छ उदाहरण, असं वाटून मी खडू ठेवला.

मुबीना शिकलगार कधी हात वर करत नाही.
त्या दिवशीही केला नाही, बसूनच म्हणाली,
"पण मॅडम, मी एकाच पडद्यावर पाच काढते."
कसे?
"तार ओढून."
आणि बाकाच्या कडेवर तिनं बोट दाबून
बाजूला सरकवलं, सावकाश,
जणू लाकडातूनही काही चढत चढत येईल.

एका माणसाच्या खिशात पाच टोकनं.
घंटा झाली म्हणून वाचले.

संध्याकाळी त्यांच्या दुकानात गेले.
वर टांगलेले भोपळे, खाली तुणीचा भुसा,
तिचे अब्बा घोडीवर कानस फिरवत होते,
एक घासा, एक छेड, मान हलवून परत एक घासा.
मी विचारलं ते त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.
"नुसता पडदा सांगून कसं चालेल, बाई?
पडदा कुठला आणि ओढ किती, दोन्ही सांगा.
मग सूर एकच. दुसरा निघाला
तर तार जुनी आहे, नाहीतर हात नवा."

चहा येईपर्यंत मी गप्प.
अठरा वर्षं शिकवतेय, क्रमित जोडी,
कंसात दोन अक्षरं, मध्ये स्वल्पविराम,
आणि त्या स्वल्पविरामाला असा ताण असतो
हे मला भुशात उभं राहून कळावं.

सकाळी फळ्यावर लिहिलं:
(पडदा, ओढ) → सूर.
सूरजला वाटलं चूक पकडली, "आता प्रांत कुठाय?"
हा काय, कंसातच. जोड्यांचा प्रांत.
कालचा मोडला नाही, तोकडा होता.

मुबीनानं वहीत उतरवलं नाही. बघत राहिली.
मग तिचा प्रश्न आला, तसाच बसून:
"ओढ कशात मोजायची?"
मिलिमीटर म्हणणार होते मी.
"अब्बा म्हणतात, कानात."

एकक लिहिलं नाही की अर्धा गुण कापते मी,
पोरं शिव्या घालतात, ठाऊक आहे.
त्या ओळीपुढं एककाची जागा
मीच कोरी सोडली,
आणि पंखा उगाचच दोनवरून चारवर केला.