दाभण

पहिली गाडी टीव्ही सेंटरला.
पोराच्या दंडावर ऑक्टोपस गोंदलेला,
प्लेटीत मात्र मका.
"हे काय?"
"काका, समुद्र इथून चारशे किलोमीटर,
अन् वर श्रावण चालूय."

मी वजनमापं खात्यातून रिटायर झालोय.
उभी नोकरी काटे तपासण्यात गेली,
हातात काहीही आलं की तळहात आपोआप जोखतो.
वहीत लिहिलं : आठ नग, साठ रुपये.
वरून कडक, आत पीठ कच्चं.
सॉस इतका गोड, की दुसऱ्या घासाला
चिंचेची आठवण येते आणि राग येतो.

दुसरी कॅनॉटला, श्रावण संपल्यावर.
लाल कागदी कंदील, पडद्यावर जपानी अक्षरं.
मालकालाही वाचता येत नाहीत; तो मानवतचा.
पण इथे खरा ऑक्टोपस,
बर्फात घालून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून
रात्रभर मुंबईहून आलेला,
शेंगदाण्याएवढा.
वर माशाची सालपटं वाफेनं हलत होती,
जिवंत असल्यासारखी.
काडी टोचायला मी जरा थांबलो.

बराच वेळ दाढेखाली धरला. रबर. मग मीठ.
बायकोला फोन केला, "खाल्ला बरं का."
ती म्हणाली, "चूळ भरून या."
दोनशे वीस रुपये, आणि नग सहाच.
आठ पायांच्या जनावराची सहाची प्लेट :
नोकरीत असतो तर नोटीस काढली असती.

तिसरी जुन्या मोंढ्यात, बारदान गल्लीच्या तोंडाला.
पाटीवर खडूनं 'ताकोयाकी'.
एक हमाल विचारत होता, "ताक कुठंय यात?"
"ताक प्यायचं तर घरी जा," सोजरबाई म्हणाली.
बिडाचं आप्पेपात्र, भंगारातून किलोवर घेतलेलं,
पिठात चिमूटभर ज्वारी,
पोटात जायकवाडीचा झिंगा,
झिंगा नसला की भिजवलेला सांडगा.
वरून कारळाची चटणी.

आणि उलटायला दाभण.
पोती शिवायचं, मोठ्या नेढ्याचं.
कडेनं घुसायचं, मनगट अर्धं वळायचं,
गोळा आपल्याच अंगावर फिरून बसायचा.
एकही फुटला नाही. मी बघत राहिलो.

"हात चांगला बसलाय."
"बसंल की. वीस वर्षं तूर शिवली ह्या दाभणानं."
मग वर न बघता,
"तुमी काट्यावाले सायेब ना?
भूकंपाच्या साली तुमी माझी बारा पोती उसवायला लावली व्हती.
वजन कमी भरतंय म्हणून."
"मग?"
"मग काय. बराबर भरलं.
परत शिवली म्या. पोत्याला आठ आणे व्हते तवा.
दुसऱ्यांदाचे कुणी दिले न्हाईत."

तेल तडतडत होतं.
मला ती पोती आठवेनात.
सही आठवली. शिक्का आठवला. चहा आठवला, अडत्यानं पाजलेला.
बारा पोती, सहा रुपये.
हिशेब तोंडपाठ झाला,
खिशातला हात मात्र खिशातच राहिला.
काय म्हणून द्यायचे?

तिनं प्लेट पुढे केली.
"मोजून घ्या."
मी मोजले नाहीत.
पहिलाच आख्खा तोंडात टाकला,
आत उकळती वाफ होती.
डोळ्यांत पाणी आलं.
ती हसली, पाण्याचा जग सरकवला,
आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

जीभ पोळली ती तीन दिवस.
भाकरी कळेना, ठेचा कळेना.
बायको म्हणते, "सांगा की, कोणाची चांगली?"
वहीत दोन रकाने भरलेत.
तिसऱ्यात नुसतं 'जुना मोंढा' लिहिलंय,
पुढे एक उभी रेघ,
आणि तेलाचा डाग,
जो मागच्या पानावरही उतरलाय.